मागं बघायचं न्हाई

पोलिसात एक दिवसही नोकरी न करता पोलिसांवर एवढा जीव टाकणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांखेरीज अख्ख्या जावळी तालुक्यात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. बायकोचे मामा, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. मेढ्याच्या पुढे डोंगराच्या पोटाशी त्यांचं गाव. उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढून ते हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले. पण फौजेत असतानाही त्यांचं मन रमलेलं होतं ते पोलिसांत, आणि तेही आपल्याकडच्या नव्हे, पिक्चरमधल्या. कुठल्याही दारातून ते चारचौघांसारखे आत येत नसत. आधी भिंतीला पाठ लावायची, दोन बोटांचं पिस्तूल छातीशी धरायचं, मान तेवढी पुढे काढून डावी-उजवीकडे बघायचं आणि मग झपकन आत शिरायचं. मारुतीचं देऊळ असो, सोसायटीचं ऑफिस असो, नाहीतर व्याह्यांचं घर असो, पद्धत एकच. मामी स्वयंपाकघरातून मान वर न करता म्हणत, "या आत, कोन न्हाई हितं." एसटीत चढण्याआधी ते गाडीभोवती फेरी मारून, वाकून खाली बघून घेत, आणि त्यांचं समाधान होईपर्यंत कंडक्टर बिचारा घंटीची दोरी धरून उभा राही. परसातले पेरू चोरताना एखादं पोर सापडलं, तर त्याचा दंड धरून भारदस्त आवाजात त्याला त्याचे हक्क ऐकवत. "तुला गप बसायचा अधिकार हाय. जे काय बोलशील त्ये तुज्या आजीच्या कानावर घातलं जाईल." पोर भोकाड पसरी, आणि मामा तोच पेरू त्याच्या खिशात कोंबून त्याला सोडून देत. हल्ली मामा दारातून सरळ आत येतात. चपला काढून, खाली बघत, चार माणसं येतात तसे. आमच्या घरात ते कुणालाच बघवत नाही.

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली ती मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. सातारला माझा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करण्यासाठी मी नुकताच खांद्यावर घ्यायचा कॅमेरा घेतला होता. बाकीची मंडळी शिक्षण, घर, शेती असलं काहीबाही विचारत होती. मामा भिंतीला पाठ लावून आत आले, माझ्यासमोर बसले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. "जावईबापू, कॅमेरा सोताचा हाय का भाड्यानं आणताय?" मी स्वतःचा म्हणालो. सुपारी फुटायची होती, तरी मी तेव्हाच जावईबापू झालो होतो. मामा उठून मोठ्यांच्या घोळक्यात गेले आणि म्हणाले, "पोरगा चांगला हाय. बार उडवून टाका." आपल्याला कॅमेऱ्याला दिलं आहे, मला नव्हे, असं आमची बायको अजून म्हणते.

त्या कॅमेऱ्यावर मामांचा डोळा का होता, हे समजायला त्यांच्या फौजेतल्या दिवसांकडे जावं लागेल. उत्तरेकडे बर्फातल्या चौकीवर महिनोन् महिने काढून खाली तळावर आलं की तिथे एक टीव्ही आणि व्हिडिओ असे. साहेब लोकांनी कुठून कुठून आणलेल्या इंग्रजी पिक्चरच्या कॅसेटी असत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा दोन पोलिसांच्या. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मामांनाही नव्हतं. पण ते पुढे बसून सगळ्यांना गोष्ट मराठीत सांगत. पडद्यावरचा गोरा साहेब फोनवर ओरडू लागला की मामा शांतपणे म्हणत, "बायकोशी भांडतुया. डबा दिला न्हाई म्हनून." सगळ्या पिक्चरांचा अर्थ त्यांनी असाच लावला, आणि त्यांतून त्यांना कायदे सापडले. पोलीस दोन असतात. एक तापट, एक थंड. पहिल्यांदा दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. साहेब दोघांना शिव्या घालतो आणि बिल्ले काढून घेतो. थंड असतो त्याची रिटायरमेंट अगदी तोंडावर आलेली असते. दोघं गाडीत बसून कागदातलं काहीतरी खातात आणि तिथं त्यांची दोस्ती होते. आणि शेवटी, सगळ्यात मोठा कायदा. मागे एखादी मोटार नाहीतर बंगला धडाधडा उडतो, आणि हे दोघं कॅमेऱ्याकडे चालत येतात. दोघांपैकी कुणीही मागं बघायचं न्हाई. बघितलं तर तो पोलीस कसला, असं मामांचं म्हणणं. एक गोष्ट मात्र त्यांना सोसत नसे. काही पिक्चरात शेवटी त्या दोघांतला एक गोळी लागून दुसऱ्याच्या मांडीवर पडतो. तसं काही होणार असा नुसता वास आला तरी मामा उठून व्हिडिओ बंद करत. अख्ख्या पलटणीला कित्येक पिक्चरांचा शेवट त्यांच्यामुळे कधी कळला नाही.

ह्या पिक्चरांत त्यांना आपलीच गोष्ट दिसत होती. फौजेत प्रत्येक जवानाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो, त्याला बडी म्हणतात. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं जागायचं. एकाची पाण्याची बाटली रिकामी झाली की दुसऱ्याची निम्मी त्याची. आणि बडीला मागे सोडून एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. मामांचा बडी सांगलीकडचा, माधवनगरचा. मामा उंच, सडपातळ, तोंडाचा पट्टा अखंड चालू. बडी बुटका, गोल, आणि दिवसात जे काही दहा-वीस शब्द बोलेल त्यात निम्मे "बघू" असायचे. पहिलं वर्षभर दोघांचं पटलं नव्हतं, हे मामा मोठ्या अभिमानानं सांगत. कारण कायदाच तसा आहे. मग एकदा बर्फात मामांचा पाय घसरला, ते कपारीत अडकले, आणि हा गोल माणूस रात्रभर त्यांच्याजवळ बसून राहिला. पुढे जा, मदत घेऊन ये, असं मामांनी शंभरदा सांगितलं. त्यावर "बघू" एवढंच म्हणून बसला. सकाळी तुकडीनं दोघांना शोधून काढलं, तेव्हा बडीनं मामांचे बूट काढून त्यांची पावलं आपल्या अंगरख्याच्या आत, पोटाशी धरली होती. मामांची दहाही बोटं वाचली.

तिथून त्यांना ती सवय लागली. बर्फात बोटं काळी पडतात आणि ज्याची त्याला कळत नाहीत, म्हणून सकाळ-संध्याकाळ बडीनं बडीचे पाय बघायचे असतात. पेन्शनीत निघून काही वर्षं झाली, बर्फ राहिला हजार कोसांवर, पण ह्या दोघांनी ते सोडलं नाही. बडी माधवनगरला एका कापडाच्या गिरणीत वॉचमन झाला आणि महिन्या-दोन महिन्यांनी सुट्टी काढून मेढ्याला येऊ लागला. मी पहिल्यांदा त्याला बघितलं ते सातारच्या एसटी स्टँडवर. मामांबरोबर मी त्याला घ्यायला गेलो होतो. सांगली गाडीतून एक गोल गृहस्थ हातात पिशवी घेऊन उतरले. गळाभेट नाही, रामराम नाही. मामांनी त्यांना बाकावर बसवलं, स्वतः खाली उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाय?" बडींनी चपला काढल्या. मामांनी एकेक बोट दाबून, फाकवून बघितलं. मग मामा बाकावर बसले आणि बडी खाली. सगळं झाल्यावर बडी म्हणाले, "हायत." मग दोघं चहाला गेले. भोवती माणसं जमली होती, आणि एका म्हातारीनं मला हळूच विचारलं, "ह्यो कंचा वैद्य म्हनायचा?" आमच्या घरातली पोरं त्यांना बडीमामा म्हणत. त्यांचं खरं नाव पोरांना अजूनही माहीत नाही.

असा सगळा दारूगोळा आधीच भरलेला, आणि त्यात कॅमेरावाला जावई मिळाला. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मामांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं, "जावईबापू, पिक्चर काढायचा. दोन पोलिसांचा. आपल्या हितला." मी विचारलं, मारामारीचा का? "कॉमेडी," मामा म्हणाले. "समदे कायदे पाळायचे, पर कॉमेडी करायची. कॉमेडीत कोन मरत न्हाई." बडींना विचारलं. ते "बघू" म्हणाले, म्हणजे काम सुरू झालं. मेढ्याच्या टेलरनं दोन खाकी वर्द्या शिवून दिल्या. बडींच्या पोटावर बटणं लागेनात, म्हणून मामांनी गोष्टीतच घालून टाकलं की ह्या पोलिसाची रिटायरमेंट जवळ आली असल्यामुळे सरकारनं त्याला नवा शर्ट दिलेला नाही. गोष्ट म्हशीच्या चोरीची. चोराचं काम करायला गावात कुणीच तयार होईना, कारण पंचायतीची निवडणूक जवळ आली होती. त्यामुळे पिक्चरभर चोर दिसत नाही, म्हैस तेवढी दिसते. पाठलागाचा सीन स्कूटरवरून होता. म्हैस काही केल्या पळेना. तिच्या मागे राहायचं तर स्कूटर इतकी हळू चालवावी लागे की दोघं पोलीस पाय टेकत टेकत चोराचा पाठलाग करू लागले. मागे बसलेले बडी खिशातून भेळेचा पुडा काढून मामांना भरवत होते, कारण गाडीवर बसून कागदातलं खाण्याचा कायदा राहून गेला असता.

बिल्ले काढून घेणारा साहेब कुणाला करायचं हा मोठा पेच होता. गावातल्या ज्याला त्याला उभं करून बघितलं, पण मामांवर ओरडायची वेळ आली की जो तो हसू लागे. शेवटी बडी म्हणाले, "वैनी." पिक्चरच्या बाबतीत त्यांनी दिलेला एवढा एकच सल्ला. मामींना संवाद सांगावे लागले नाहीत. मी कॅमेरा चालू केला, मामींनी पदर खोचला आणि लग्न झाल्यापासूनचा सगळा हिशेब काढला. "घरात पेंड न्हाई, गोठ्याचं छप्पर गळतंया, आन तुमी हितं बोटाची बंदूक करून हिंडा!" दोघं पोलीस सावधानमध्ये उभे राहून ऐकत होते. कॅसेट संपून मी दुसरी घातली तरी मामी थांबल्या नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातांनी दोघांचे बिल्ले ओढून काढले, ते खरोखरच फाटून आले. मामा मला हळूच म्हणाले, "असलं काम करनारी बाई मुंबईत न्हाई घावायची."

मग राहिला शेवटचा शॉट. मामांचा सगळा जीव त्यातच होता. मोटार उडवणं काही शक्य नव्हतं. त्यांनी घरामागचं एक जुनं डिझेलचं बॅरल काढलं, त्यात दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब भरले आणि वात लावायला गड्याला बसवलं. बॅरलच्या तळाशी थोडं डिझेल शिल्लक आहे, हे कुणी बघितलं नव्हतं. आणि बॅरलच्या जवळ मामांचीच भाताच्या पेंढ्याची गंजी होती, म्हशींची वर्षाची वैरण, हे सगळ्यांनी बघितलं होतं. पण पिक्चरच्या नादात ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. मी ओरडलो, "चला!" दोघं चालत येऊ लागले. मागे असा काही आवाज झाला की समोरच्या डोंगरातून तो परत आला. धुराचा लोट उठला, आणि त्याच्या मागोमाग गंजीनं पेट घेतला. सगळा गाव ओरडू लागला. "आवं मागं बघा! मागं बघा!" दोघं छाती काढून चालतच होते. मामी हंडा घेऊन धावत आल्या. "आवं, गंजी पेटली! मागं बघा की वो!" मामांना वाटलं, लोक रंगात आले आहेत. ते बडींना पुटपुटले ते नंतर कॅसेटवर स्पष्ट ऐकू आलं. "बघू नगंस. लोकं फितवत्यात." मी कॅमेरा तसाच बांधावर टाकून बादली घेऊन पळालो. त्यामुळे त्या शॉटमध्ये पुढे आभाळ, एक गवताची काडी आणि लांबून येणारा मामींचा आवाज एवढंच आहे. अर्धी गंजी गेली. दोघं पोलीस थेट पाणंदीपर्यंत चालत गेले आणि तिथून त्यांना माणसांनी धरून वळवलं.

आग विझल्यावर सगळे काळ्या तोंडांनी ओट्यावर बसलो होतो. मामींचा राग निवून त्यांना हसू फुटलं होतं. बडींना मात्र धाप लागली होती, ती खाली बसेना. मामा सवयीनं म्हणाले, "पाय?" आणि त्यांचे बूट काढायला लागले. बूट निघता निघेना. ओढून काढला तर पाऊल सुजलेलं, टम्म. मामांनी अंगठ्यानं घोट्यावर दाबलं. खळगा पडला. ते अंगठा काढून बघत बसले, खळगा भरून येईना. "ह्ये कवापास्नं हाय?" बडी म्हणाले, "गेटवर उभं राहून हुतंय तसं." मामांनी दुसऱ्या पायावर दाबून बघितलं. तिथेही तसंच झालं. मामी अजून हसत होत्या. मामांनी बूट बाजूला नीट जोडून ठेवले आणि मला म्हणाले, "जावईबापू, उद्याची सांगली गाडी कितीला हाय?"

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या निकामी होत आल्या आहेत. त्या वर्षी गिरणीही बंद पडली. मामा दर आठवड्याला मेढ्याहून सातारला, सातारहून सांगलीला जाऊ लागले. दवाखान्यात नर्स त्यांना दारातच ओळखू लागल्या, कारण वॉर्डात भिंतीला पाठ लावून शिरणारं दुसरं कुणी नव्हतं. पलंगावरून बडी आधीच म्हणत, "ये, कोन न्हाई हितं." जाता-येता मामा सातारला माझ्या स्टुडिओत थांबत, आणि चहा पिता पिता त्यांचा एकच धोशा असे. शेवटचा शॉट राहिला आहे, तो घ्यायचा. मी आडून आडून सुचवलं, की आता कशाला, माणूस बरा होऊ दे. मामा म्हणाले, "पिक्चर अर्दा हाय तवर त्येची कॉमेडी झालेली न्हाई. मदीच कुठंतरी लटाकलंय. येक डाव पुरा होऊ द्या. मंग मला घोर न्हाई." एवढा शहाणा माणूस, पलटणीतली मरणं डोळ्यांनी बघितलेला, आणि मनातून त्याची खात्री होती की दोघं एकदा कॅमेऱ्यापर्यंत नीट चालत आले तर बडीचं काही वाईट होणार नाही. मला ते खुळेपणाचं वाटत होतं, आणि तरी मी कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करून ठेवली.

माधवनगरला बडींच्या घरी आम्ही कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्या बायकोनं आम्हाला दारातच अडवलं. त्या माउलीचा संताप मी विसरणार नाही. "भावजी, ह्यांचा जीव चाललाय आन तुमास्नी पिक्चर सुचतोय? लाज वाटत न्हाई?" मामा मान खाली घालून उभे राहिले. आतून बडींचा आवाज आला. "येऊ दे गं त्येला. मागल्या खेपेला नीट चालनं झालं न्हाई." त्यांनी वर्दी आधीच मागून घेतली होती. पूर्वी जिची बटणं लागत नव्हती, ती आता खांद्यावरून ओघळत होती. पायांत बूट जाईना. पावलं इतकी सुजली होती की स्लिपरचे पट्टेही रुतत होते. मी म्हणालो, "बडीमामा, काही हरकत नाही, मी कमरेच्या वरचंच घेतो." मामा एकदम वळले. "न्हाई. पाय दिसलं पायजेत." आणि त्यांनी स्वतःचे बूट-मोजे काढून भिंतीशी ठेवले. मग बडींनीही स्लिपर काढल्या.

बंद गिरणीच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर सकाळच्या उन्हात आम्ही तो शॉट घेतला. रस्त्यावर कुणी नव्हतं. मागे कुलूपबंद फाटक आणि धूर नसलेलं धुराडं. बॉम्ब नाही, बॅरल नाही, काही उडायचं नव्हतं. फाटकापाशी बडींची बायको तोंडाला पदर लावून उभी होती, तीही शॉटमध्ये आली आहे. मी "चला" म्हणालो. ह्या वेळी ओरडवलं नाही. दोघं अनवाणी चालू लागले. मामा उजवीकडे, बडी डावीकडे. मामांनी हात धरला नव्हता, नुसता कोपराला कोपर लावला होता. मी भिंगातून बघत होतो आणि भिंग सारखं धूसर होत होतं. निम्म्या वाटेत बडींची पावलं अडखळली. ते थांबले नाहीत. त्यांनी समोर बघतच विचारलं, "मागं काय हाय रं?"

"काय न्हाई," मामा म्हणाले. "तू चाल."

ते चालत आले. पार कॅमेऱ्याच्या काचेपर्यंत आले, आणि पडद्यावर शेवटी खाकी कापडाशिवाय काही उरलं नाही. "झालं?" मामांनी विचारलं. मी झालं म्हणालो. मामांनी बडींना रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं आणि आपल्या रुमालानं त्यांच्या पावलांची धूळ पुसली.

पिक्चर जोडायला मी सांगलीतल्या एका मिक्सिंगवाल्याकडे दिला. तो बिचारा आयुष्यभर लग्नाच्याच कॅसेटी करत आलेला. त्याच्या मशिनीत जेवढे नखरे होते ते सगळे लग्नाचे, आणि ते टाकले नाहीत तर गिऱ्हाईक नाराज होतं, एवढंच त्याला ठाऊक. म्हशीच्या पाठलागात म्हैस कमळातून उमलते. मामी बिल्ले ओढतात तेव्हा चारी बाजूंनी अक्षता पडतात. आणि शेवटच्या शॉटमध्ये दोघं पोलीस बदामाच्या आकारात चालत येतात, त्यांच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत राहतात, आणि खाली सनई वाजते. मी कपाळाला हात लावला. पुन्हा करून देतो म्हणाला, पण वेळ कुठे होता? तशीच कॅसेट माधवनगरला नेली. शेजाऱ्यांचा व्हिडिओ आणून पलंगासमोर लावला. बडी पहिल्यांदा नुसते बघत राहिले. म्हैस कमळातून निघाली तसे ते हसू लागले. इतके हसले की बायको पाणी घेऊन धावली, आणि मग तीही हसू लागली. त्या घरात कित्येक महिन्यांत कुणी हसलं नव्हतं. शेवटच्या शॉटला, पाकळ्या पडताना, ते मामांना म्हणाले, "आपलं लगीन लावलं की रं गड्या." मामाही हसत होते. हसता हसता उठून त्यांनी व्हिडिओ बंद केला. शॉट संपायच्या आधीच. ती त्यांची सवय मला ठाऊक होती, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माधवनगरहून स्टुडिओत फोन आला, मामांना घेऊन लगेच या, एवढाच निरोप. मामा मेढ्याहून आले, मी स्टँडवर त्यांची वाट बघत होतो. सांगली गाडी लागली. मामा सरळ दारातून चढून बसले. गाडीभोवती त्यांनी फेरी मारली नाही, आणि मी काय ते समजलो. वाटभर ते खिडकीतून बाहेरचा ऊस बघत होते. माधवनगरला पोहोचलो तेव्हा तयारी झाली होती, आमच्यासाठीच थांबले होते. मामा दारातून नीट आत गेले. खाली उकिडवे बसले, पांढरं कापड पायांवरून जरासं बाजूला केलं आणि एकेक बोट दाबून, फाकवून बघितलं. घाई नाही. मग दुसरं पाऊल. कापड परत नीट घालून ते उठले आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "हायत."

कृष्णेच्या काठावर बडींच्या मुलानं अग्नी दिला. जाळ चांगला धरल्यावर भावकीतलं एक जाणतं माणूस म्हणालं, "चला आता समदी. मागं कोनी बघायचं न्हाई." स्मशानातून निघताना मागे वळून बघायचं नसतं, ही रीत कुणाला ठाऊक नाही? पण ते शब्द ऐकून मी मामांकडे बघितलं. माणसं पाठ फिरवून निघाली. मामा सगळ्यांच्या पुढे होते. ताठ मान, फौजी पावलं, आणि डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडलेली. मागे लाकडं तडतडत होती. मला वाटलं, हा माणूस असाच मेढ्यापर्यंत चालत जाणार. घाटाच्या पायऱ्यांपाशी ते थांबले, आणि वळून जाळाकडे बघत उभे राहिले.

"आवं पावणं," ते जाणतं माणूस लगबगीनं म्हणालं, "बघू नगा मागं. रीत न्हाई ती."

"रीत मला ठावं हाय," मामा म्हणाले. "पर जाऊ कसा? बडी मागं हाय न्हवं."

माणसं त्यांच्या बाजूनं पायऱ्या चढून वर गेली. मी तिथेच थांबलो. इतकी वर्षं मी ह्या दोघांना समोरून बघत आलो होतो, कॅमेरा मध्ये धरून. शेजारी कधी उभा राहिलो नव्हतो. मी जाऊन मामांच्या डाव्या अंगाला उभा राहिलो आणि त्यांच्या कोपराला कोपर लावला. जाळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही मागे बघत होतो. मग मामा वळले. पहिल्या पायरीवर पाय टाकताना, समोर बघतच, त्यांनी सवयीनं विचारलं, "पाय?"

मी सातारच्या पेठेत वाढलेला माणूस. असं कधी बोललो नव्हतो.

"हायत," मी म्हणालो.

मामांनी मान हलवली, आणि आम्ही पायऱ्या चढू लागलो.